ट्रस्टकडे अर्ज करण्याआधी

(बीड जिल्ह्यातल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. मैत्रिणींनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं मूळ मांडणीतच घेतली आहेत.)

आजचा विषय पैशाचा आहे. आपल्या शिबिरांत हिंसेवर, जमिनीच्या हक्कावर, आरोग्यावर आपण मोकळेपणाने बोलतो. पण संघटना चालवायला पैसा कुठून येतो, हा विषय निघाला की आवाज खाली जातो. काही जणींना वाटतं, बाहेरचा पैसा घेतला की चळवळ बिघडते. काही जणी म्हणतात, एस.टी.चं तिकीट काढायला पैसे नसतील तर चळवळ करायची कशी? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून खासगी धर्मादाय ट्रस्टकडे अनुदानासाठी अर्ज करायचा तर काय बघायचं आणि काय ठरवायचं, ते आज सविस्तर बोलू या.

हा विषय आत्ताच घ्यायचं कारण सांगते. पूर्वी आपल्यासारख्या लहान गटांना एखाद्या मोठ्या संस्थेमार्फत परदेशी निधीतला थोडा वाटा मिळायचा. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसरीला देण्यावर पूर्ण बंदी आली. प्रशासनावर ५० टक्क्यांपर्यंत खर्च चालत होता, तो २० टक्क्यांवर आला. त्यामुळे तालुक्याच्या पातळीवरचे गट देशातल्या ट्रस्टांकडे आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीकडे वळले. अर्ज करणाऱ्या वाढल्या आणि अर्ज लिहिणं हे एक वेगळं कामच होऊन बसलं.

हा पैसा कोणाचा?

पहिली गोष्ट मनातून काढून टाकू या, की आपण कुणाच्या दारात मागायला उभ्या आहोत. धर्मादाय ट्रस्टला प्राप्तिकरात सूट मिळते. ती सूट एका अटीवर असते: उत्पन्न लोकोपयोगी कामावर खर्च झालं पाहिजे. साधारण नियम असा, की वर्षाच्या उत्पन्नाचा निदान ८५ टक्के भाग त्या कामी लागला पाहिजे, नाहीतर कारण कळवून तो राखून ठेवावा लागतो. म्हणजे सरकारी तिजोरीत गेला असता असा काही पैसा समाजासाठी सोडलेला आहे. ट्रस्टला आपली गरज आहे तितकीच आपल्याला ट्रस्टची. नम्रपणे बोलावं, पण मान खाली घालून बोलण्याचं कारण नाही.

मी एम.एस.डब्ल्यू. झाले. समाजकार्याचं हे शिक्षणच या देशात एका खासगी ट्रस्टच्या पैशावर सुरू झालं. १९३२ साली स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९३६ साली मुंबईत समाजकार्याची शाळा काढली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. आपल्याच जिल्ह्यात बघा. अंबाजोगाईला १९८२ साली डॉ. द्वारकादास लोहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवलोक सुरू केली, शैलाताई लोहियांनी मनस्विनी महिला प्रकल्प उभा केला. गावात माणसं आणि काम आधी उभं असलं, की पैशाला वाट दाखवता येते. काम नसताना पैसा आला तर तोच वाट दाखवायला लागतो.

आधी बैठक, मग अर्ज

माझं आजचं मुख्य सांगणं हेच आहे. अर्ज लिहायला बसण्याआधी गावात बायांची बैठक घ्या आणि तीन गोष्टी ठरवा. आपल्याला काय करायचं आहे? त्यातलं कोणतं काम ट्रस्टच्या पैशावर चालेल आणि कोणतं आपल्या वर्गणीवरच चालवायचं? आणि काय झालं तर आपण पैसा नाकारू?

हे का म्हणते ते उदाहरणाने सांगते. २०१९ साली ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे बीडचं नाव देशभर छापून आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सहा जणींमागे एक! मग पत्रकार आले, अभ्यासक आले, देणगीदारही आले. आमच्याकडेही एका ट्रस्टचा निरोप आला. नाव घेत नाही, कारण माणसं भली होती. त्यांना गावोगाव तपासणी शिबिरं घ्यायची होती आणि सॅनिटरी पॅड वाटायचे होते. तयार नमुना पाठवला होता. आकडे भरून सही करायची, एवढंच बाकी होतं.

आम्ही सही करण्याआधी तीन गावांत बैठका घेतल्या. बायांनी शिबिराला नको म्हटलं नाही. पण त्यांचं बोलणं दुसरीकडेच गेलं. फडावर आजारी पडलं की खाडा लागतो आणि मुकादम पैसे कापतो. पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलाव्या लागतात. पिशवी काढली की कटकट मिटेल, असं दवाखान्यात सांगितलं जातं आणि खाड्याच्या भीतीने ते खरं वाटतं. उचल नवऱ्याच्या हातात पडते, ती फेडायला मात्र दोघं. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे बाई अर्धा कोयता. पॅड दिले तरी कोपीवर बदलायला आडोसा नाही आणि हात धुवायला पाणी नाही. मग पॅडचं करायचं काय?

या बोलण्यातून आमचा प्रस्ताव बदलला. शिबिरं राहिली, पण शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक बाईला सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला कार्यकर्तीने सोबत जायचं, हे काम त्यात आलं. बाईच्या स्वतःच्या नावाची हजेरीची आणि हिशेबाची वही आली. हंगामात कार्यकर्तीने फडावर जाऊन भेटायचं, हे आलं. पॅडवाटप गेलं.

ट्रस्टला हे पटायला पाच महिने लागले. एक गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत मानली नाही. मुकादम आणि कारखान्याशी बायांच्या वतीने बोलणी करणं हे त्यांच्या मते आंदोलनाचं काम होतं. त्याला पैसा देता येणार नाही, म्हणाले. आम्ही वाद घातला नाही, कारण बैठकीत आधीच ठरलं होतं की बोलणी आपल्या वर्गणीवर करायची. दर बाईमागे वर्गणी लहान असते, पण त्या पैशावर कुणाची अट नसते. कारखान्याच्या गेटवर गेलेल्या बायांचं गाडीभाडं वर्गणीतून गेलं. मैत्रिणींनो, ज्या कामामुळे आपण संघटना आहोत ते काम कधीही पूर्णपणे ट्रस्टच्या पैशावर टाकू नका. तो पैसा तीन वर्षांनी थांबतो, आणि मग संघटनाही थांबते.

कागद

आता कंटाळवाणं पण गरजेचं. बचत गट नोंदणीकृत संस्था नसतो, त्यामुळे बहुतेक ट्रस्ट गटाला थेट पैसा देत नाहीत. संस्था हवी. आपल्याकडे साधारणतः १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली, अशी दुहेरी नोंदणी होते.

अर्जासोबत बहुधा हे मागतात: नोंदणीची दोन्ही प्रमाणपत्रं, घटना, शेड्यूल-१ चा उतारा, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, वार्षिक अहवाल, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक आणि प्राप्तिकराची नोंदणी. या नोंदणीला आपण सवयीने बारा-ए आणि ऐंशी-जी म्हणतो. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने १ एप्रिल २०२६ पासून कलमांचे आकडे बदलले, तेव्हा अर्ज भरताना लेखापरीक्षकाला विचारून घ्या. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की ही नोंदणी आता एकदा करून विसरायची राहिलेली नाही. २०२१ पासून ती मुदतीची झाली, तिचं नूतनीकरण करावं लागतं. मुदतीची तारीख कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

कंपनीचा सामाजिक निधी हवा असेल तर आणखी एक नोंदणी लागते, तिला सी.एस.आर.-१ म्हणतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजोपयोगी कामावर खर्च करावे लागतात. पण कंपनीशी संबंध नसलेल्या संस्थेला तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. काल सुरू झालेल्या संस्थेने तिथे वेळ घालवू नये.

सगळ्यांत जास्त अर्ज अडतात ते बदल अर्जावर, म्हणजे ज्याला आपण चेंज रिपोर्ट म्हणतो त्यावर. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कळवायचं असतं. आपल्याकडे अध्यक्षा बदलून चार वर्षं होतात आणि उताऱ्यावर जुनीच नावं राहतात. ट्रस्टवाले उतारा बघतात, सही जुळत नाही, अर्ज बाजूला पडतो. निवडणूक झाली की त्याच महिन्यात हे काम उरका.

स्वतःची संस्था नसेल तर देशातल्या पैशासाठी दुसऱ्या संस्थेच्या छत्राखाली अर्ज करता येतो. परदेशी निधीची बंदी त्याला लागू नाही. ट्रस्टला ते चालतं का, एवढं आधी विचारा. पण करारपत्र लेखी हवं. प्रस्तावात आपल्या गटाचं नाव हवं, आपल्या वाट्याची रक्कम वेगळी दाखवलेली हवी आणि अहवालाची प्रत आपल्याला मिळायला हवी. नाहीतर काम आपलं आणि फोटो दुसऱ्यांचे, असं होतं.

लिहायचं कसं

भाषा साधी ठेवा. 'सक्षमीकरण' हा शब्द दहा वेळा लिहिण्यापेक्षा किती गावं, किती बाया, कोणतं काम, कोण करणार, हे लिहा. प्रश्न मांडताना आपल्या बाया बिचाऱ्या दिसतील असं लिहू नका. त्या वर्षाला पाच-सहा महिने परमुलखात राहून कुटुंब चालवतात, हे आधी येऊ द्या.

कामाचं वेळापत्रक आपल्या पंचांगाने लिहा. ट्रस्टचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं आणि ते दर तिमाहीला सारखी प्रगती मागतात. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास गाड्या भरतात आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. गावं मार्च-एप्रिलपर्यंत अर्धी रिकामी असतात. ऑक्टोबर ते मार्च या दोन तिमाहींत तुम्ही गावात बैठका दाखवल्या, तर त्या कागदावरच होतील आणि खोटा अहवाल लिहायची पाळी येईल. म्हणून स्पष्ट लिहा: एप्रिल ते सप्टेंबर गावात काम, ऑक्टोबर ते मार्च फडावर भेटी आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या व मुलांसोबत काम. आणखी एक. वर्षअखेर आली की शिल्लक पैसा संपवण्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीत घाईने फोन येतात, मार्चच्या आत कार्यक्रम करा म्हणतात. त्या वेळी आपल्या बाया उसात असतात. पैसा पुढच्या वर्षात वापरू द्याल का, असं तिथल्या तिथे विचारा.

आता अंदाजपत्रक. समजा आठ गावांचं काम आहे. दोन कार्यकर्त्यांचं मानधन दरमहा १२,००० प्रमाणे वर्षाचे २,८८,००० रुपये. प्रवास दरमहा ५,००० म्हणजे ६०,०००. फडावरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी १५,०००, म्हणजे ६०,०००. गावबैठका महिन्याला आठ, प्रत्येकी ५००, म्हणजे ४८,०००. हिशेबनीस दरमहा ४,००० म्हणजे ४८,०००. खोलीचं भाडं ३,००० म्हणजे ३६,०००. लेखापरीक्षण २०,०००. एकूण ५,६०,००० रुपये.

यात निम्म्याहून जास्त रक्कम मानधनाची आहे. ट्रस्टवाले हटकून विचारतात, की बायांसाठी किती आणि पगारावर किती? गप्प बसू नका. शिलाई मशीन वाटायचं असेल तर मशीनची किंमत दाखवता येते. बाईसोबत दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, तहसीलमध्ये जाणं हे जेव्हा काम असतं, तेव्हा जाणारी बाई हाच खर्च असतो. आणि कार्यकर्त्या बहुतेक त्याच गावांतल्या, त्यांतल्या कितीतरी परित्यक्ता, एकट्या. त्यांनी फुकट राबावं ही अपेक्षा आपल्याला घरात मान्य नाही, तर संस्थेत का मान्य करायची? मानधन कमी दाखवून अर्ज स्वस्त करण्याची स्पर्धा आपण आपापसांत तरी करू नये.

'आमचा निधी थांबल्यावर काम कसं चालेल?' हा प्रश्न प्रत्येक नमुन्यात असतो. काम स्वावलंबी होईल, असं ठोकून देऊ नका. वर्गणी किती जमते, सरकारची कोणती जबाबदारी आपण त्यांच्या गळ्यात घालणार, कोणतं काम थांबेल, हे खरं लिहा. उदाहरणार्थ, ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहांची शासनाची योजना आहे. तिथे मुलींना प्रवेश मिळवून देणं हे आपलं काम, वसतिगृह चालवणं शासनाचं.

अटी

पैशासोबत अटी येतात, हे आजचं नाही. पंडिता रमाबाईंना आठवा. १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने दहा वर्षं मदत देण्याचं मान्य केलं, आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असं ठरलं होतं. पण तटस्थ म्हणजे काय? रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली आपल्या इच्छेने येऊन बसत. रमाबाईंच्या मते यात गैर काही नव्हतं. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांना ते मान्य नव्हतं आणि १८९३ मध्ये ते बाजूला झाले. कोण बरोबर हा आजचा प्रश्न नाही. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले की संस्था हादरते, एवढं आपण त्यातून घेऊ या. करारात 'लाभार्थी', 'जागृती', 'राजकीय काम' असे शब्द आले, की त्यांचा अर्थ काय हे पत्र लिहून विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

दुसरं उदाहरण महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचं. १९१६ साली विद्यापीठ निघालं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. नाव दिल्याने बायकांच्या शिक्षणाचं काम थांबलं नाही. म्हणजे काही अटी मानण्यासारख्या असतात. फलकावर ट्रस्टचं नाव, अहवालात उल्लेख, दरवर्षी भेट, यावर भांडू नये.

काही अटी मात्र मानायच्या नाहीत. हिंसेला तोंड दिलेल्या बाईचं नाव, फोटो, गाव ट्रस्टच्या पुस्तिकेसाठी मागितलं तर द्यायचं नाही. बलात्कार झालेल्या बाईची ओळख छापणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पण इतर बाबतींतही बाईने समजून-उमजून होकार दिल्याशिवाय तिची कहाणी बाहेर जाऊ नये, आणि मदत हवी म्हणून दिलेला होकार खरा समजू नये. नवरा-बायकोची समेटं किती घडवली, याचा आकडा मागितला तर तोही द्यायचा नाही. आपलं काम बाईला तिचा निर्णय घेता यावा हे आहे. समेटाचा आकडा वाढवायच्या नादात मार खाणाऱ्या बाईला आपणच परत पाठवू. अमुक जातीच्या, धर्माच्या बायांना वगळा, असं कुणी म्हणालं तर तिथूनच नमस्कार करून उठायचं.

पैसा आल्यावर

अर्ज नाकारला गेला तर कारण विचारा. काही जण सांगतात, पुढच्या अर्जाला ते उपयोगी पडतं. मंजूर झाला तर पहिल्याच आठवड्यात गावबैठकीत रक्कम मोठ्याने वाचून दाखवा. किती आली, कोणत्या खात्यात, कशासाठी, कोणाचं मानधन किती. दर तीन महिन्यांनी ट्रस्टला जो हिशेब जातो तोच मराठीत, सोप्या शब्दांत, बायांसमोर वाचा. देणगीदाराला हिशेब देण्याची सक्ती असते, बायांना देण्याची नसते, म्हणून तो राहून जातो. तिथूनच 'ताईंची संस्था' आणि 'आमची संघटना' अशी फूट पडायला लागते.

अहवालात जे झालं नाही तेही लिहा. दुष्काळ पडला, हंगाम लांबला, कार्यकर्ती बाळंत झाली, म्हणून काम मागे राहिलं, हे वेळेवर कळवलं तर बहुतेक ट्रस्ट समजून घेतात. वर्षअखेरीला कळलं तर त्यांचा विश्वास जातो, आणि पुढच्या गटाचाही अर्ज त्यामुळे अडतो.

शेवटी एक कामाची सूचना. आपण इथे निरनिराळ्या तालुक्यांतल्या गटांच्या कार्यकर्त्या आहोत. प्रत्येकीने वेगळा लेखापरीक्षक, वेगळा नमुना, वेगळी धावपळ करण्यापेक्षा कागदपत्रांचं काम मिळून करता येईल. ज्यांना कोणत्या ट्रस्टचा काय अनुभव आला, तो आपापसांत सांगता येईल. आणि वर सांगितलेल्या न मानायच्या अटी सगळ्या गटांनी मिळून ठराव करून लिहून ठेवल्या, तर एकट्या गटाला नाही म्हणणं सोपं जाईल. एका गटाने नाकारलेली अट दुसऱ्या गटाने मान्य केली, तर नाकारणारीचंच नुकसान होतं. या ठरावाचा मसुदा दुपारच्या गटचर्चेत करावा, असं सुचवते आणि थांबते.